आक्काच्या परसातील ब्लॅककरंट

संपादक मंडळातील एक विद्यार्थिनी घरी आली आणि म्हणाली, "सर, मराठी विभागासाठी काहीतरी ललित लिहून द्या." तेहतीस वर्षे गणित शिकविलेल्या माणसाकडे ललित मागणे म्हणजे बाभळीकडे आंबे मागणे होय, असे मी तिला सांगून पाहिले. मुलगी हुशार होती. "मग बाभळीवरच लिहा," म्हणाली. बाभळीवर लिहिण्याइतके माझ्यापाशी काही नाही. पण एका झुडपाविषयी आहे. त्या झुडपाशी मी एकदा फार वाईट वागलो, आणि ते सांगून टाकायला ही जागा बरी.

झुडूप इथले नव्हे. त्याचे नाव ब्लॅककरंट. आपल्या विद्यार्थ्यांना ते आइस्क्रीमच्या दुकानातील पाटीवरून माहीत आहे. जांभळट रंगाचा एक गोळा, एवढीच त्याची ओळख. वाण्याच्या दुकानात काळ्या मनुकांना हेच नाव देऊन भाव वाढवितात. पण मनुका म्हणजे वाळविलेले द्राक्ष, आणि ब्लॅककरंट वेलीवर नव्हे, कमरेइतक्या झुडपावर घोसाने लागणारे वाटाण्याएवढे काळे आंबट फळ. घोटाळा जुना आहे. ग्रीस देशातील कॉरिंथ बंदरातून येणाऱ्या बारीक मनुकांना इंग्रजांनी त्या गावावरून 'करंट' म्हटले, आणि पुढे आपल्या थंड मुलखातील ही फळे तशीच दिसतात म्हणून त्यांनाही तेच नाव चिकटवले. नाव एकाचे आणि फळ दुसऱ्याचे. आपल्याकडे शब्दांचे असे काही झाले की आपण भांडतो. ते लोक त्याचा मुरांबा करून खातात.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, १९७३ साली दाजींबरोबर स्कॉटलंडमधील डंडी या गावी गेली. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. दाजी डॉक्टर. दोन-तीन वर्षांत परत येतो म्हणून गेलेली माणसे तिथलीच झाली. दर दोन-चार वर्षांनी उन्हाळ्यात टिळकवाडीच्या घरी येत, खानापूरकडच्या बायका पानांच्या द्रोणातून करवंदे विकायला आणीत त्यांची दाजी वाट पाहत, आणि खाताना दरवेळी म्हणत, "आमच्याकडची करवंदे एकदा येऊन खा." आक्काच्या घरी ब्लॅककरंटला 'आमची करवंदे' असेच म्हणत. माझे जाणे मात्र होईना. परीक्षा, पेपर तपासणे, आईचे आजारपण, अशी कारणे आपोआप उगवतात.

ऑक्टोबर २०१८ मध्ये दाजी गेले. मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. आक्का एकटी, मुलगा दूर इंग्लंडात नोकरीला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी सहा महिन्यांसाठी तिच्या सोबतीला गेलो. करवंदे खायला या म्हणणारा माणूस नसताना गेलो, हे विमानात बसल्यावर पहिल्यांदा नीट लक्षात आले.

डंडी हे टे नदीच्या रुंद मुखावर, टेकडीच्या उतारावर वसलेले गाव. एके काळी बंगालचा ताग कलकत्त्याहून बोटीने इथे येई आणि इथल्या गिरण्यांत त्याची पोती होत. गिरण्या आता गेल्या, पण गावाभोवती बेरी-फळांची शेती अजून आहे. शेजारीच इन्व्हरगौरी नावाचे खेडे आहे. तिथल्या फळसंशोधन संस्थेने ब्लॅककरंटच्या नव्या जाती काढल्या आणि त्यांना स्कॉटलंडच्या डोंगरांची नावे दिली. बेन म्हणजे तिकडच्या भाषेत डोंगर. बेन लोमंड ही जात १९७५ सालची. मग बेन सारेक, बेन होप, बेन कॉनन. आज ब्रिटनमध्ये ब्लॅककरंटची जी व्यापारी लागवड आहे, तीत बहुतेक ह्याच डोंगरांची वस्ती आहे. आपण करवंदाला 'डोंगरची काळी मैना' म्हणतो, त्यांनी आपल्या मैनेला डोंगराचेच नाव देऊन टाकले.

आक्काच्या घरामागे भिंतीलगत अशी आठ झुडपे होती. पहिली दाजींनी ऐंशीच्या दशकात शेजाऱ्यांकडून काड्या आणून लावली. ती म्हातारी झाल्यावर निवृत्तीच्या वर्षी, २००६ साली, त्यांच्याच काड्यांवरून ही आठ केली. मी गेलो तेव्हा त्यांच्यावर एक पान नव्हते. नुसत्या काटक्या. संध्याकाळी पाचला काळोख, दिवसभर पाऊस किंवा पावसाची तयारी. आक्का फारशी बोलत नसे. सकाळी दोन कप चहा ओतायची, मग एक परत किटलीत रिकामा करायची. मी आलो होतो तरी तो दुसरा कप माझा नसायचा, माझा तिसरा. मला काय करावे समजेना. रिकामा बसलेला मास्तर आणि मोकळे सुटलेले जनावर यांत फरक कमी. एके दिवशी ऊन पडले आणि मी ठरविले, बाग साफ करून द्यावी. आक्का डॉक्टरकडे गेली होती. पडवीतील खोक्यात दाजींचे सिकेटर सापडले, चांगले तेल लावून फडक्यात गुंडाळलेले.

झाडे छाटण्याचे ज्ञान मला आहे, असा माझा समज होता. टिळकवाडीच्या परसात वडिलांची लिंबाची तीन झाडे होती. बुंध्यातून सरळसोट, गुळगुळीत, जोरात वर जाणारे फुटवे येत. वडील त्यांना पाणसोट म्हणत. "हे खातात आणि देत काही नाहीत," म्हणून मुळातून काढायला लावीत. ते काम लहानपणापासून माझे. आक्काच्या झुडपांतही मला तेच दिसले. जुन्या काळपट, खरबरीत, फाटे फुटलेल्या जाड फांद्या, आणि त्यांच्यामधून जमिनीतून सरळ वर आलेल्या फिकट, पिवळसर, गुळगुळीत छड्या. पाणसोट! किती माजू दिलेत, असे मनात म्हणत मी कामाला लागलो. चार झुडपांतल्या सगळ्या फिकट छड्या कापल्या आणि जुनी खोडे नीटनेटकी ठेवली. कोपऱ्यातील दोन झुडपांना हात लावला नाही, कारण त्यांच्यावरचे डोळे इतरांपेक्षा कितीतरी मोठे, गोल, टपोरे होते. ही दोन यंदा भरभरून येणार, असा मी निष्कर्ष काढला. उरलेली दोन दुसऱ्या दिवसावर ठेवली. कापलेल्या छड्यांचा भारा बांधला आणि कौतुकाची वाट पाहत बसलो.

आक्का आली. खिडकीतून तिने पाहिले. तिने कोट काढला नाही, तशीच मागच्या दारी गेली आणि भाऱ्यापाशी उभी राहिली. "काय केलास हे?" एवढेच म्हणाली. मी पाणसोटाचे सांगू लागलो. तिने ऐकून घेतले, मग म्हणाली, "अरे, फळ ह्यांच्यावरच येतंय की."

ते असे आहे. ब्लॅककरंटचे फळ मुख्यतः मागील उन्हाळ्यात वाढलेल्या कोवळ्या फांदीवर धरते. फांदी एका वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी देते. पुढे जून झाली, काळी पडली, की तिचे देणे कमी होत जाते. म्हणून दर हिवाळ्यात जुन्या काळ्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा जमिनीलगत कापायचा आणि फिकट छड्या जपायच्या. रोप लावतानाही मुद्दाम दोन बोटे खोल लावतात, जमिनीखालून असे फुटवे जास्त यावेत म्हणून. मी लिंबाचा नियम तिथे लावला. विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर सांगत आलो की सूत्र वापरण्याआधी ते कुठल्या अटीवर खरे आहे ते तपासा. असो.

फळाचे दुःख आक्काला नव्हते, हे कळायला मला रात्र लागली. मागील उन्हाळ्यात वाढलेल्या छड्या. म्हणजे २०१८ च्या उन्हाळ्यातल्या. दाजी तेव्हा होते. खुर्ची टाकून त्या झुडपांपाशी बसायचे, हे तिने फोनवर मला कितीदा सांगितले होते. त्या उन्हाळ्याचे जे काही जमिनीवर शिल्लक होते, ते मी दुपारी दोन तासांत कापून सुतळीने बांधून ठेवले होते. रात्री झोप आली नाही. पलीकडच्या खोलीत दिवा जळत होता.

सकाळी उठलो तर आक्का आणि शेजारचे आजोबा भाऱ्यापाशी वाकलेले. आजोबांचे वय बेऐंशी. त्यांचे इंग्रजी मला तीनांत एक शब्द कळे. ते माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले ते आक्काने सांगितले: "झाडांना वाईट वाटत नाही." मग त्यांनी बेताच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या वेगळ्या काढल्या. मात्र सगळ्या झुडपांच्या नाहीत. मी भारा एकच बांधला असला तरी झुडपाझुडपाने थर लावले होते. मास्तरकीची सवय तेवढी उपयोगी पडली. कोपऱ्यापासून सर्वांत दूरच्या दोन झुडपांच्याच काड्या त्यांनी घेतल्या. वीतभराहून थोडी लांब काडी, खाली डोळ्याखालून सरळ काप, वर डोळ्यावर तिरपा. फावड्याने फट पाडून त्यात उभी खोचायची आणि दोन डोळे तेवढे वर ठेवून माती दाबायची. खालचे डोळे खरवडायचे नाहीत, त्यांतूनच जमिनीतले फुटवे येतात. पाने फुटण्याआधी केले तर हे झुडूप मुळे धरायला नखरे करीत नाही. आम्ही चोवीस काड्या लावल्या. आक्काने त्या मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

कोपऱ्यातील दोन झुडपांच्या काड्या का नकोत? जे टपोरे डोळे पाहून मी त्यांना वाचविले, तो रोग होता. डोळ्याने दिसणारही नाही असा एक कोळ्याच्या जातीचा किडा असतो, मिलिमीटरचा पाचवा हिस्सा लांबीचा. एका डोळ्यात हजारोंनी राहतो. डोळा फुगून चेंडूसारखा होतो आणि उमलायचे सोडून वाळून जातो. तेवढ्यावर भागले असते तर चालले असते. पण हा किडा एक विषाणू पसरवितो. विषाणू लागलेले झुडूप दिसायला हिरवेगार राहते आणि फळायचे थांबते. त्यावर औषध नाही. वसंतात डोळे उघडू लागले की किडे वाऱ्याने शेजारच्या झुडपांवर जातात; त्याच्या आत झुडूप मुळासकट काढून जाळायचे, एवढाच उपाय. म्हणजे चांगली होती ती मी कापली आणि रोगी ती कौतुकाने ठेवली. परीक्षेत एखाद्या मुलाने असा पेपर लिहिला असता तर मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखविला असता.

आक्का मात्र ती दोन काढायला तयार होईना. "राहू देत," म्हणायची. आजोबा कुंपणापलीकडून बोट दाखवून जायचे. फेब्रुवारी संपला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निरोगी झुडपांवर हिरवे टोक दिसू लागले, आणि एके सकाळी चहा ओतताना तिने एक कप कमी ओतला. दोनच कप, एक तिचा, एक माझा. चहा संपवून दाजींचे गमबूट पायात घातले आणि फावडे घेऊन बाहेर गेली. मी मदतीला गेलो तर "तू काड्यांपाशी थांब" म्हणाली. एकाहत्तर वर्षांच्या बाईने दोन्ही झुडपे एकटीने उपटली. आजोबांनी जुना लोखंडी डबा आणून दिला. ओले लाकूड लवकर पेटेना, धूर फार झाला. सगळे जळून होईपर्यंत ती तिथे उभी होती.

एप्रिलात चोवीसांपैकी सतरा काड्यांना पाने आली. पान चुरगळून मी वास घेतला आणि चकित झालो. तो वास माझ्या ओळखीचा होता. तिकडचे लोक त्याला मांजराच्या मुताची उपमा देतात, आणि ती खोटी नाही. पण मला आठवली ती घाणेरी. बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाकाठी वाढणारी. पोरपणी तिची बारीक काळी फळे खाऊन जिभा रंगवायच्या, आणि हाताला हाच वास येई. आक्काला म्हटले तर ती म्हणाली, "तुला आत्ता कळलं? मी १९७३ पासून हुंगतोय." आमच्या बेळगावच्या बायका बोलताना 'करतो, येतो' म्हणतात, शेहेचाळीस वर्षे डंडीत राहून तिचे ते गेले नव्हते.

मेमध्ये एका रात्री हिमकडा पडण्याची चिन्हे होती. फुलोऱ्यावर कडा पडला की वर्षाचे पीक गेले. छाटणीतून वाचलेल्या दोन झुडपांवर आक्काने जुन्या सुती साड्या घातल्या आणि चिमटे लावले. सकाळी धुक्यात ती झुडपे घुंगट घेतलेल्या दोन बायकांसारखी दिसत होती. जुलैत त्या दोन झुडपांनी मिळून सात किलो फळ दिले. मी छाटलेल्या चारांनी मिळून एक वाटी. फळ तोडताना एकेक काढायचे नाही, घोस धरून देठासकट ओढायचा. कच्चे खाल्ले तर कान हलतात. ब्लॅकबर्ड नावाच्या काळ्या पक्ष्याची जाळ्यातून तोंड घालायची धडपड दिवसभर चाले. जून-जुलैत तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. जेवण झाल्यावर आम्ही अंगणात घोस निवडत बसायचो आणि आजोबा युद्धाच्या गोष्टी सांगायचे. ब्रिस्टलच्या एका कंपनीने १९३८ साली ब्लॅककरंटचे सरबत रायबीना नावाने काढले होते. पुढे जर्मन पाणबुड्यांमुळे संत्री येईनाशी झाली, तेव्हा क जीवनसत्त्वासाठी १९४२ पासून सरकार हे सरबत दोन वर्षांखालील मुलांना फुकट देई. आजोबांची धाकटी बहीण त्या वयाची होती. यांच्या वाट्याला चमचा चाटणे. "तेव्हापासून," ते म्हणाले, "मी माझी स्वतःची झुडपे ठेवतो."

परत निघताना मी आक्काला विचारले, दोन काड्या बेळगावला नेऊ का? तिने मला दोन कारणांनी नाही म्हटले. परवान्याशिवाय परदेशातून झाड आणणे हा गुन्हा. आणि आणले तरी ते फळणार नाही. हे झुडूप थंडी मोजते. सात अंशांखालची थंडी त्याच्या जातीप्रमाणे साधारण दीड-दोन हजार तास भरली, तरच वसंतात डोळे नीट उघडतात. मी लगेच हिशेब केला: अखंड धरली तर साठ ते ऐंशी दिवस. आपल्या बेळगावच्या थंडीचा आपल्याला अभिमान असला तरी पारा दहाच्या खाली क्वचित जातो. झुडूप जगेल, पाने देईल आणि मोजत बसेल.

त्यानंतर मार्च २०२० मध्ये सगळेच बंद झाले. मला जाता आले नाही. त्या जुलैत फोनवर आक्काने सांगितले की मी छाटलेली चारही झुडपे फळांनी वाकली आहेत. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांनी नव्या छड्या वाढविल्या होत्या, त्या आता फळल्या. म्हणजे माझ्या चुकीची किंमत झुडपांना एकाच हंगामाची पडली. जॅमच्या बाटल्या तिने शेजारच्या फाटकावर ठेवल्या आणि सहा फुटांवरून आजोबांना हात केला. पुढच्या हिवाळ्यात आजोबा गेले. २०२२ साली आक्काने घर विकले आणि ती मुलाकडे इंग्लंडात राहायला गेली. जाताना सामानात तिने नोव्हेंबरात कापलेल्या बारा काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेल्या, त्या सतरांपैकी वाढलेल्या झुडपांच्या.

गेल्या डिसेंबरात भाचा भारतात आला, तेव्हा त्याने एक बाटली आणली. नव्या परसातील पहिले पीक, जेमतेम एक बाटलीच झाली होती. मी ती पेन्शनच्या कागदांसाठी कॉलेजात आलो त्या दिवशी बरोबर आणली. स्टाफरूममध्ये पावाला लावून सर्वांनी खाल्ली. कन्नड विभागातील माझे जुने स्नेही डोळे मिटून म्हणाले, "ही तर कवळी!" त्यांच्याकडे करवंदाला कवळी म्हणतात. मी ते रात्री फोनवर आक्काला सांगितले. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "फेब्रुवारीत येणार असलास तर आधी कळव. सिकेटर लपवून ठेवायला पाहिजे."